पारखी रेणू आणि त्याचे आसन

रक्ताच्या एका थेंबात हजारो प्रकारची प्रथिने असतात. त्यांतून नेमके एकच हुडकून काढावयाचे, तर त्याला अचूक ओळखणारा पारखी हवा. हे काम बहुतांशी प्रतिपिंडांकडून करवून घेतले जाते. परंतु न्यूक्लिइक आम्लाच्या आखूड धाग्यांनाही ही कला साधते, हे १९९० साली अमेरिकेत दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सिद्ध झाले. कोलोरॅडो विद्यापीठात क्रेग ट्यूर्क व लॅरी गोल्ड यांनी, तर बोस्टन येथे अँड्र्यू एलिंग्टन व जॅक शोस्टाक यांनी हा शोध लावला. एलिंग्टन व शोस्टाक यांनी अशा धाग्यांना 'ॲप्टामर' हे नाव दिले.

रीत तशी सोपी आहे. निरनिराळ्या रचनेचे कोटी-कोटी धागे लक्ष्य रेणूसमोर सोडावयाचे. चिकटतील ते ठेवून बाकीचे धुऊन टाकावयाचे. उरलेल्यांच्या प्रती वाढवून पुन्हा तीच परीक्षा घ्यावयाची. सुपात धान्य पाखडावे तसाच हा प्रकार, मात्र येथे उरलेले दाणे दर फेरीस पुन्हा पेरले जातात. १९९२ साली याच मार्गाने थ्रॉम्बिन या रक्त गोठविणाऱ्या प्रथिनाला धरणारा, अवघ्या १५ घटकांचा डीएनए-धागा हाती आला.

पारखी मिळाला तरी त्याला बसवावयाचे कोठे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. धाग्याच्या एका टोकास गंधक जोडले, की ते सोन्याच्या पृष्ठास घट्ट धरून राहते. पण धागे दाटीने बसविले तर त्यांना घडी घालण्यास जागा उरत नाही, आणि घडी पडल्याविना ओळख नाही. थ्रॉम्बिनच्या धाग्याची घडी तर पोटॅशियमच्या सान्निध्यात अधिक पक्की होते. म्हणून धागे विरळ बसवितात, पृष्ठ व धागा यांच्यामध्ये लहानशी जोडपट्टी ठेवतात आणि मोकळ्या जागी साध्या रेणूंचा थर देतात, म्हणजे भलतीच प्रथिने तेथे चिकटत नाहीत.

अशा पृष्ठावर औषधांची चाळणीही करता येते. धाग्याने धरलेल्या प्रथिनावर नवे संयुग सोडावे. त्या संयुगाने प्रथिनावरील तीच जागा बळकावली, तर प्रथिन सुटून जाते आणि संयुग पुढील तपासणीस पात्र ठरते.

धाग्याच्या मोकळ्या टोकास विद्युत्-संकेत देणारा रंगरेणू जोडला, तर घडी पडताच तो सोन्याच्या जवळ येतो व प्रवाह बदलतो. या तत्त्वावर सांता बार्बरा येथील केव्हिन प्लॅक्स्को यांच्या गटाने २०१७ साली प्रयोगशाळेतील जिवंत उंदरांच्या शिरेत बारीक तार घालून, टोब्रामायसिनसारख्या प्रतिजैविकांचे रक्तातील प्रमाण काही सेकंदांच्या अंतराने मोजून दाखविले. या औषधांची मात्रा कमी पडली तर जंतू उरतात. वाढली तर मूत्रपिंड व श्रवणशक्ती यांना इजा पोहोचते.