हृदयाच्या झडपा : लब-डब नेमकं कशाचं?



हृदय शिकवताना आपण फळ्यावर चार कप्पे काढतो. वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय (कर्णिका, जवनिका हीसुद्धा यांचीच नावं). नावं पाठ होतात. पण लब-डब आवाज कशाचा, असं विचारलं की मुलं म्हणतात, 'हृदय उडतं त्याचा!' खरं तर तो झडपा मिटण्याचा आवाज.

झडपेला स्वतःची ताकद नसते, हे आधी सांगावं. शेतकऱ्याच्या मुलांना मोटारीचा फुटव्हॉल्व्ह माहीत असतो. पाणी वर जाऊ देतो, खाली उतरू देत नाही. हृदयाची झडपही तशीच. मागून दाब वाढला की उघडते, पुढून वाढला की मिटते.

आता एक ठोका बघू. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एकाला ०.८ सेकंद. सगळे कप्पे सैल असतात तेव्हा बरंचसं रक्त आपोआपच निलयांत उतरतं. उरलेलं अलिंद ढकलतात, ०.१ सेकंदात. मग निलय आवळतात, दाब वाढतो आणि उजवीकडची त्रिदल, डावीकडची द्विदल झडप मिटते : लब. क्षणभर चारही झडपा बंद! (हा क्षण शिकवताना हमखास राहतो.) निलयातला दाब धमनीतल्यापेक्षा चढला की अर्धचंद्राकृती झडपा उघडतात, रक्त बाहेर पडतं. निलय सैल झाले की रक्त मागे वळू बघतं, त्यानेच या झडपा मिटतात : डब.

त्रिदल-द्विदल झडपांना खालून बारीक दोरे असतात. ते झडप ओढून उघडत नाहीत. वाऱ्याने छत्री उलटते तशी ती उलटू नये म्हणून धरून ठेवतात.

हे सगळं मार्कांपुरतं नाही. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूने घसा दुखला आणि औषध झालं नाही, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी रुमॅटिक फिव्हर होतो. साधारण ५ ते १५ हेच वय, म्हणजे आपलीच मुलं. ताप येतो, आज गुडघा सुजतो, उद्या घोटा. जिवाणूंशी लढणारं शरीर स्वतःच्याच झडपांवर उलटतं, जास्त करून द्विदल झडपेवर. ती जाड, ताठ होते, नीट मिटत नाही. रक्त मागे गळतं आणि डॉक्टरांना लब-डबमध्ये फुसफुस ऐकू येते.

प्रत्येक घसादुखी अशी नसते, बहुतेक तर विषाणूंचीच. पण डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा कोर्स दिला असेल, तर बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करू नका. आणि खेळाच्या तासाला एखादं मूल लवकर दमत असेल, सांधे दुखतात म्हणत असेल, तर 'नाटक करतोय' म्हणण्याआधी घसा कधी दुखला होता ते विचारा आणि पालकांना डॉक्टरकडे न्यायला सांगा.