रोवणीच्या कमरेला आणखी वाकवू नका

२१ जूनला योग दिन येतो आणि नेमकी तेव्हाच आमच्या आसगावात रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकायची घाई असते. त्या सकाळी हौसेने चटई घेऊन आलेली बरीचशी माणसं जुलैत दिसत नाहीत. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या बांधीत उतरावं. रोवणीचा दिवस म्हणजे पोटरीभर चिखलात वाकून, मागे मागे सरकत रोपं खोचणं. वर पाऊस, आणि मजूर मिळाले तर नशीब. पवनी तालुक्यात योग टिकवायचा तर तो धानाच्या कामाशी जुळवूनच घ्यावा लागतो, असं माझं मत आहे. ते पुस्तकातून आलेलं नाही.

एका वर्षी रोवणी आटोपली आणि मी दुखती कंबर घेऊन एका योगशिबिरात गेले. पश्चिमोत्तानासनात माझे हात पायांच्या अंगठ्यांपर्यंत पोचेनात. शिकवणाऱ्या तरुणाने पाठीवर तळवे ठेवले, ‘‘सैल सोडा, जमतं,’’ म्हणाला आणि दाबलं. कमरेतून डाव्या पोटरीपर्यंत कळ गेली. त्यानंतर कितीतरी दिवस कूस बदलायलाही मला आधार लागे. मणक्यामधली चकती आधीच दबलेली होती, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि पुढे वाकणं बंद करायला लावलं. त्या तरुणाचा हेतू वाईट नव्हता. पण समोरची बाई दिवसभर काय करून आली आहे, हे त्याने विचारलंच नाही.

पुढे योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांविषयी वाचलं. तरुणपणी गुरूंच्या सांगण्यावरून पूर्वतयारी नसताना त्यांनी हनुमानासन केलं आणि मांडीमागच्या स्नायूंना मोठी इजा झाली. याच अय्यंगारांनी नंतर पुण्यात खुर्ची, पट्टा, दोर, घडीची कांबळी अशी साधनं योगात आणली, म्हणजे आसनाला शरीर जुंपायचं नाही, शरीराकडे आसन आणायचं. आपल्याकडे घरात खाट आहे, भिंत आहे, जुनं लुगडं आहे. वेगळं काही विकत आणायची गरज नाही.

रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत पुढे वाकायची आसनं मी कुणालाच सांगत नाही. पादहस्तासन नाही, सूर्यनमस्कारांची आवर्तनंही नाहीत. वाकणं दिवसभर झालेलंच असतं. घरी आल्यावर हातपाय धुऊन जमिनीवर उताणं पडावं आणि पोटऱ्या खाटेवर ठेवाव्यात. गुडघे काटकोनात, डोक्याखाली चादरीची घडी. दहा मिनिटं तसंच. श्वास घ्यायला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ सोडायला द्यावा, पण रोखून धरू नये. रक्तदाबाची गोळी चालू असेल त्यांनी तर मुळीच नाही. मग पालथं होऊन मकरासन. दुखणं नसेल तरच त्यापुढे भुजंगासन, तेही हातांवर जोर न देता, छाती चार बोटं उचलण्यापुरतं. फोटोतल्यासारखं दिसायची गरज नाही.

तोलाचा सरावही इथे शोभेचा नाही. डोक्यावर पऱ्ह्यांचा भारा घेऊन ओल्या धुऱ्यावरून चालणाऱ्या बाईचा पाय घसरला तर काय होतं, ते आम्हाला सांगावं लागत नाही. वृक्षासन भिंतीला हात टेकून करावं. तळपाय मांडीपर्यंत चढवण्याचा हट्ट नको, घोट्याला टेकवला तरी पुरे, गुडघ्यावर मात्र कधीच नको.

‘‘दहा मिनिटांत का होते जी?’’ असं शेजारच्या काकी विचारतात. एका दिवसात काहीच होत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगते. पतंजलींनीही अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने करायला सांगितला आहे. रोज तासभर असं कुठे म्हटलेलं नाही. गोसेखुर्द धरणाच्या पाण्यावर आता काही जण उन्हाळी धानही घेतात, म्हणजे ‘काम संपलं की सुरू करू’ म्हणणाऱ्याचं काम संपतच नाही. म्हणून अभ्यासच इतका लहान ठेवावा, की रोवणीच्या संध्याकाळीही तो टाळायला निमित्त सापडू नये. एखादा दिवस सुटलाच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नये. बहुतेकांची पाठ तिथेच भरते.

जरा धीर धरून शिकायचं असेल तर नागपूरला रामनगरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहे, १९५१ पासूनचं. कुठेही गेलात तरी आधी आपलं दुखणं आणि आपलं काम दोन्ही सांगा, आणि पाठीवर हात ठेवून दाबणाऱ्याला तिथल्या तिथे ‘नको’ म्हणा.

कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, पाऊल उचलताना लुळं पडत असेल, तर आसन थांबवून डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर सकाळची वाट पाहू नका. मिळेल त्या गाडीने भंडाऱ्याचा दवाखाना गाठा.