निकाल पटला नाही तर अपील, पण कशावर?



समजा, समूहाने एका ताईला कर्ज नाकारलं आणि ती ग्रामसंघाकडे गेली. ग्रामसंघ काय करेल? कर्ज कुणाला द्यायचं ते नव्याने ठरवत बसणार नाही. आधी इतिवृत्त मागेल. बैठकीला पुरेशा सदस्या होत्या का, नियम सगळ्यांना सारखा लावला का, सह्या आहेत का, हे बघेल. चूक सापडली तर ठराव परत पाठवेल, नाहीतर ठराव कायम.

कंपनी कर्जात बुडते तेव्हा वरची न्यायालयंही साधारण असंच काम करतात. आपली मुलं, जावई कंपन्यांत कामाला आहेत. म्हणून हे समजून घेऊया.

तीन पायऱ्या

नादारी व दिवाळखोरी संहिता हा कायदा २०१६ चा. पहिली पायरी एनसीएलटी, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण. दुसरी एनसीएलएटी, म्हणजे त्यावरचं अपिलाचं न्यायाधिकरण. तिसरी सर्वोच्च न्यायालय.

कंपनी कुणाला द्यायची, किती पैशात द्यायची, हे कर्ज देणाऱ्यांची समिती ठरवते. त्यासाठी किमान ६६ टक्के मतं लागतात. "सौदा स्वस्तात झाला" एवढ्यावर अपील टिकत नाही. योजना कायद्याच्या विरोधात आहे किंवा प्रक्रियेत मोठी गडबड झाली, असं दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयात तर फक्त कायद्याच्या प्रश्नावर अपील होतं.

जेट एअरवेजचं उदाहरण

ही विमान कंपनी एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. जूनमध्ये प्रकरण मुंबईच्या एनसीएलटीत गेलं. जून २०२१ मध्ये नव्या खरेदीदारांची योजना मंजूर झाली. पण त्यात कामगारांना पूर्ण पीएफ आणि ग्रॅच्युइटी नव्हती. कामगार अपिलात गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये एनसीएलएटीने सांगितलं, थकलेला पीएफ आणि ग्रॅच्युइटी द्यावीच लागेल. मागितलेलं सगळं मिळालं नाही, पण जे कायद्याने ठरलेलं होतं ते समितीच्या मतांनी कापता आलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच कायम ठेवलं.

पण निकाल हातात आला म्हणजे पैसा हातात आला असं नाही. खरेदीदारांनी ३५० कोटींचा पहिला हप्ता ठरल्याप्रमाणे भरला नाही. १५० कोटींची बँक हमी त्यात धरायला एनसीएलएटीने मुभा दिली आणि मार्च २०२४ मध्ये कंपनी त्यांच्याकडे द्यायला मान्यता दिली. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ ला तो आदेश रद्द केला आणि कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवायला सांगितलं. म्हणजे अपिलात बसलेल्यांचीही चूक होते, आणि तीही तपासली जाते. फक्त यात साडेपाच वर्षं गेली.

आपण काय लक्षात ठेवायचं?

१. पहिल्या पायरीवरच सगळं मांडा. कंपनी या प्रक्रियेत गेली की इंग्रजी आणि स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. त्यातल्या मुदतीत आपला दावा पुराव्यासह द्यायचा. नेमणूक पत्र, पगाराच्या पावत्या, पासबुक, पीएफचा क्रमांक जपून ठेवा. खाली जे मांडलंच नाही, ते वर जाऊन सांगणं फार अवघड जातं.

२. तारीख लिहून ठेवा. एनसीएलएटीत अपिलाला ३० दिवस मिळतात. सबळ कारण असेल तर आणखी १५, त्यापुढे नाही. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी लगेच अर्ज करा. प्रत येईल म्हणून वाट बघत बसलं तर मुदत निघून जाते.

३. पतसंस्था आणि सहकारी साखर कारखाना या कायद्यात येत नाहीत. त्यांचा सहकार कायदा वेगळा.

४. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात जा. महिलांना तिथे मोफत मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही.

पुढच्या बैठकीत बोलूया: आपल्या घरात कंपनीत काम करणाऱ्याची कागदपत्रं कुठे ठेवली आहेत, हे किती जणींना माहीत आहे? हात वर करा आणि सचिव ताईंना इतिवृत्तात नोंद घ्यायला सांगा.