मटनी मिकीला काय सांगितलं नाही

आई-बाबांनो, मिकी मँटल हा अमेरिकेतल्या बेसबॉलचा लाडका खेळाडू, न्यूयॉर्क यँकीज संघाचा. पण त्याच्यापेक्षा मला तुमच्याशी त्याच्या वडिलांविषयी बोलायचंय.

त्याचे वडील मट मँटल ओक्लाहोमात जस्त-शिशाच्या खाणीत राबायचे. दमूनभागून घरी आले तरी पोराचा सराव चुकायचा नाही. ते उजव्या हाताने चेंडू टाकत, आजोबा डाव्या हाताने. म्हणून मिकी लहानपणीच दोन्ही बाजूंनी बॅटिंग शिकला. यात माया नव्हती असं मी मुळीच म्हणणार नाही. पोरगं खाणीत जाऊ नये, यासाठीच तर तो आटापिटा होता.

1951मध्ये, एकोणीस वर्षांचा मिकी यँकीजकडून खेळू लागला. बॅट चालेना, तेव्हा त्याला खालच्या संघात, कॅन्सस सिटीला धाडलं. मला जमत नाही, असं त्याने वडिलांना सांगितलं. ते आले आणि त्याचं सामान भरू लागले: चल घरी, खाणीत काम कर, मी मर्द वाढवलाय असं समजत होतो. मिकी थांबला आणि खेळला. हा किस्सा आजही कौतुकाने सांगितला जातो. मला मात्र तो ऐकताना तुटतं. खचलेलं पोर विश्वासाने बापाकडे आलं होतं हो! त्याला आधी जवळ घेतलं असतं, तर खेळ का कमी झाला असता?

त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज या अजिंक्यपदाच्या लढतीत मिकीचा गुडघा गेला. इस्पितळाशी गाडीतून उतरताना त्याने वडिलांच्या खांद्यावर भार टाकला, तर वडीलच कोसळले. त्यांना हॉजकिन्सचा कर्करोग होता. 1952मध्ये, चाळिशीतच ते गेले.

मुलाचं यश त्यांना पाहता आलं नाही. 1956मध्ये फलंदाजीची सरासरी, होमरन आणि धावा मिळवून देणं, तिन्हींत मिकी पहिला. कारकिर्दीत 536 होमरन. आणि सोबत वर्षानुवर्षं दारू.

1994मध्ये तो बेटी फोर्ड या व्यसनमुक्ती केंद्रात उपचारांसाठी गेला. तिथे त्याला वडिलांना पत्र लिहायला सांगितलं. जेमतेम दहा मिनिटांचं लिखाण, पण तो सगळा वेळ रडत होता. तुमची आठवण येते, मला चार मुलगे झाले, माझं तुमच्यावर प्रेम आहे, असं त्याने लिहिलं. हे फार आधी बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, असं तो नंतर म्हणाला.

घरातून त्या केंद्रात पहिला गेला तो मिकी नव्हता. त्याचा मुलगा डॅनी त्याच्या आधी तिथे उपचार घेऊन आला होता.