गरोदरपणातली साखर तपासायची, ती अशी

नात्याहून सकाळच्या एसटीने महाडच्या ग्रामीण रुग्णालयात गेलात, तर दुपारच्या जेवणाला घरी याल. पैसे लागत नाहीत. मनगटावर घड्याळ बांधा, सोबतीला कुणाला तरी घ्या आणि चला.

१. आशाताईंना विचारून दिवस ठरवा. पहिली तपासणी नाव नोंदवतानाच, दुसरी २४ ते २८ आठवड्यांत. मध्ये निदान चार आठवडे जाऊ द्या. दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टर हमखास भेटतात, गर्दीही हमखास.

२. नेहमीसारखं खाऊन निघा. शेजारीण सांगेल उपाशी जा; या तपासणीला ते लागत नाही. खासगी दवाखान्यात पद्धत वेगळी असू शकते, तिथलं तिथे विचारा.

३. पोचल्या पोचल्या नंबर लावा. वजन, बीपी ग्लुकोज प्यायल्यावर थांबायच्या दोन तासांत होईल. गाडीच्या वळणांनी मळमळत असेल, तर आधी जरा टेका.

४. मधुमेह पूर्वीपासून असेल, तर नर्सताईंना आत्ताच सांगा. मग ग्लुकोजचं पाणी प्यायचंच नाही.

५. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात ढवळून घ्या. पूड तळाशी राहिली तर आकडा खोटा येतो.

६. पहिल्या घोटाची वेळ लिहून ठेवा. "साडेदहाच्या सुमारास" चालणार नाही, १०.३२ तर १०.३२.

७. पाच ते दहा मिनिटांत ग्लास संपवा. मिट्ट गोड लागतं, नाक मुरडा, पण प्या. एका दमात ओतू नका, उलटी होईल.

८. उलटी झालीच, तर वेळ बघा. अर्ध्या तासाच्या आत झाली तर आजची तपासणी गेली, उद्या पुन्हा. त्यानंतर झाली तर थांबू नका.

९. दोन तास बाकावर बसून राहा. साधं पाणी चालेल. सगळं बिघडतं ते इथेच: "एवढा अर्धा कप चहा घे गं" म्हणणारी मावशी भेटते, नाहीतर बाजारात चक्कर मारायची हुक्की येते. दोन्ही नको.

१०. दोन तास भरले की उठून रक्त द्या. कुणी हाक मारेल म्हणून वाट बघू नका.

११. आकडा माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. "नॉर्मल आहे" एवढ्यावर निघू नका.

१२. १४० किंवा जास्त असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. दोन आठवडे आहार आणि चालणं, मग जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा रक्त. १२०च्या खाली आलं तर तेच चालू, नाहीतर औषध. भात मनानेच बंद करू नका. ताटात किती वाढायचा ते विचारा.

१३. मधुमेह निघाला असेल, तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा. बाळाची दीड महिन्याची लस तेव्हाच असते, एकाच फेरीत दोन्ही उरका. या खेपेला मात्र उपाशीपोटी जा.