तडजोडीच्या कागदाआधी घराची वही

आमच्या आखाडा बाळापुरात कुणी कर्जाची तडजोड करायचं किंवा नादारीचा अर्ज द्यायचं म्हणालं, की लोक त्याला वकिलाचं नाव सांगतात. मी सांगते, आधी घरातल्या बाईसोबत बसा आणि वर्षाचा खर्च लिहून काढा.

आमच्याकडे पैसा वर्षातून दोनदाच दिसतो. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची पट्टी, आणि हळद शिजवून, वाळवून हिंगोली-वसमतच्या बाजारात गेली की पाडव्यानंतर तिचे पैसे. ट्रॅक्टरचा हप्ता मात्र महिन्याला, गटाचा तर आठवड्याला. बँकेचं देणं ह्यांना ठाऊक, आडत्याची उचल मामंजींना, गटाचं मला. सोयाबीन पाण्यात गेलं त्या वर्षी बियाण्याच्या दुकानातून मिळालेल्या डायरीत पहिल्यांदा सगळं एका पानावर मांडलं. आकडा बँकेचाच मोठा होता, पण घर पोखरत होते सावकाराचे पैसे. शेकडा पाच रुपये महिना, म्हणजे वर्षाला साठ टक्के!

तेवढ्यात बँकेचं एकरकमी परतफेडीचं पत्र आलं. व्याजात भरघोस सूट, मुदत मात्र तोकडी. ओळखीतला एक जण म्हणाला, ‘शेताचं खरेदीखत करून द्या, पैसे देतो, सवडीनं जमीन माघारी फिरवू.’ डायरीत किराणा, पोरांची फी, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आणि पुढच्या पेरणीचं खत-बियाणं मांडल्यावर उरत काय होतं, ते सगळ्यांनाच दिसलं. खरेदीखताला आम्ही नाही म्हणालो. फायनान्सवाल्यांच्या संमतीनं ट्रॅक्टर विकला, सावकाराला मोकळं केलं आणि बँकेशी लोकअदालतीत हळदीच्या हंगामाला धरून हप्ते बांधून घेतले. लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा. पेरणीचे पैसे हप्त्यात घातले तर पुढचा हप्ता कशातून भरणार?

कर्जमाफीच्या भरवशावर हप्ता थांबवणाऱ्यांनी 2019 ची महात्मा जोतिराव फुले योजना आठवावी. ती पीककर्जापुरती होती, दोन लाखांपर्यंतच्या थकबाकीला. ट्रॅक्टर, गट, सावकार त्यात कुठंच नव्हते.

नादारीचाही विचार घरात झाला. आपल्या भागात त्यासाठी अजून 1920 चाच कायदा चालतो, अर्ज जिल्हा न्यायालयात जातो. नादार ठरलं की मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते. शेतीची अवजारं, बैल, स्वयंपाकाची भांडी यांना संरक्षण आहे, शेताला नाही. आदल्या दोन वर्षांत बायकोच्या नावावर फुकट केलेली जमीन आणि आदल्या तीन महिन्यांत पाहुण्यालाच झुकतं माप देऊन फेडलेले पैसे, दोन्ही व्यवहार रद्द होऊ शकतात. म्हणून ‘जमीन हिच्या नावावर करून टाक’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

सावकार विनापरवाना असेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करा. सावकारीत गेलेली जमीन, पंधरा वर्षांच्या आतली असेल तर, चौकशीनंतर परत मिळू शकते. गटाच्या म्हणजे मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्याला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर दारात यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. आम्हाला हे फार उशिरा कळलं.

तडजोड झाली तरी सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढचं कर्ज अवघड होतं, हे घरच्यांना आधीच सांगा. बेबाकी दाखला हातात घ्या आणि सातबारावरचा बोजा उतरला की नाही ते स्वतः बघा.

आणि बायांनो, कळमनुरीच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. सही करण्याआधी जा.