अफ्लाटॉक्सिन आढळले नाही, म्हणून मका निर्धोक ठरतो का?

1974 साली बांसवाडा व पंचमहाल या जिल्ह्यांत बुरशी लागलेला मका खाऊन यकृताच्या विकाराने 106 जण दगावले. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन हे त्याचे कारण होते. 1995 मध्ये कर्नाटक व आंध्र प्रदेशातील 27 गावांत अवेळी पावसात भिजलेली ज्वारी व मका खाल्लेल्या लोकांना पोटदुखी व जुलाबांचा त्रास झाला. त्या धान्यात मात्र फ्यूजारियम बुरशीचे फ्युमोनिसिन हे विष आढळले. दोन्ही वेळी धान्य बुरसटलेलेच होते. विष वेगळे होते.

हा फरक समजण्यासाठी कणसातील जागेची स्पर्धा लक्षात घ्यावी लागते. फुलोऱ्यापासून दाणे भरेपर्यंत उष्णता आणि पाण्याचा ताण असेल, तर फ्लेव्हसला वाव मिळतो. फ्यूजारियम बियाण्यातूनही येते, रोपात लक्षणांविना वाढते आणि दमट हवेत दाण्याचा ताबा घेते. कणसात आधी फ्यूजारियम टोचून नंतर फ्लेव्हस सोडलेल्या प्रयोगांत अफ्लाटॉक्सिन घटलेले आढळले आहे. ही घट दिलासा देणारी वाटते. परंतु जागा जिंकणारी बुरशी स्वतःचे विष मागे ठेवते. केवळ अफ्लाटॉक्सिन तपासून धान्याला निर्धोक ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे.

याच स्पर्धेचा हेतुपुरस्सर उपयोगही करता येतो. फ्लेव्हसचे काही वाण विष तयारच करू शकत नाहीत. आफ्रिकेत ‘अफ्लासेफ’ या नावाने असे स्थानिक वाण उगवणशक्ती नष्ट केलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर चढवून, फुलोऱ्यापूर्वी दोन ते तीन आठवडे, हेक्टरी 10 किलो या प्रमाणात शेतात पसरतात. निर्विष वाण विषारी वाणाची जागा आधीच व्यापतो आणि अफ्लाटॉक्सिन बहुधा 80 टक्क्यांहून अधिक घटते. फ्युमोनिसिनवर मात्र या उपायाची भिस्त ठेवता येत नाही. ट्रायकोडर्माला याचा पर्याय समजणेही घाईचे ठरेल. तिचे मुख्य क्षेत्र माती व मुळे आहेत, कणीस नव्हे.

या स्पर्धेत कीटक तटस्थ नसतात. अळी दाण्याचे कवच फोडते, अंगावरून बीजाणू आत नेते आणि तिची ओलसर विष्ठा बुरशीला पोषक ठरते. अमेरिकेत खोडकिडीला प्रतिकारक बीटी मक्यात फ्युमोनिसिनचे प्रमाण कमी आढळले, ते याच कारणाने. भारतात 2018 मध्ये अमेरिकन लष्करी अळी प्रथम कर्नाटकात आढळली व बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने तिच्याविषयी इशारा दिला. त्यानंतर राज्यातील मक्याच्या कणसांना आणखी एक छिद्र पाडणारी कीड मिळाली. पोंग्यातील नुकसान सहज दिसते, त्यामुळे चर्चा त्याचीच होते. विषाच्या दृष्टीने कणसाच्या टोकातून शिरणारी अळी अधिक घातक आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी म्हणून तुरा येण्याच्या सुमारास सर्वेक्षण थांबवू नये, कणसाच्या टोकाचीही पाहणी करावी. फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडू देऊ नये. काढणीच्या वेळी पोखरलेली कणसे मळणीपूर्वीच वेगळी करावीत, कारण एकदा दाणे मिसळले की निवड जवळजवळ अशक्य होते. साठवणीपूर्वी दाण्यातील ओलावा 12 ते 13 टक्क्यांपर्यंत आणावा. शिजवल्याने ही विषे पुरेशी नष्ट होत नाहीत. वेगळे काढलेले दाणे दुभत्या जनावरांनाही घालू नयेत. अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधात उतरतो.